साफसफाईनंतर कॉम्प्युटर चालूच होत नाही? ‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी हे तपासा



पावसाळा संपल्यावर दुकानातला किंवा ऑफिसमधला कॉम्प्युटर उघडून साफ कसा करायचा, यावर आपण एक व्हिडिओ केला होता. तो बघून बऱ्याच जणांनी कॅबिनेट उघडलं, धूळ काढली. बहुतेकांचं काम छान झालं. पण एका गुरुवारी रात्री मला हरिहरेश्वरहून फोन आला. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या काकांचं चार खोल्यांचं घरगुती लॉज आहे.

“सर, तुमचा व्हिडिओ बघून पुतण्याने कॉम्प्युटर साफ केला. आता पंखा फिरतोय, लाइट लागतोय, पण स्क्रीन काळी ती काळीच. ओळखीच्या एकाला फोन केला, तो म्हणाला मदरबोर्ड गेला.”

जुन्या मशीनचा मदरबोर्ड गेला म्हणजे नुसता बोर्ड बदलून भागत नाही. त्या जुन्या प्रोसेसरला बसणारा नवा बोर्ड सहसा मिळत नाही, म्हणून बोर्ड, प्रोसेसर, रॅम असं सगळंच नवं घ्यावं लागतं. काकांना पंधरा हजारांचा अंदाज दिला होता.

“पैशाचं एक वेळ जाऊ दे सर. दिवाळी आठ दिवसांवर आली. कोणी ॲडव्हान्स दिलाय, कोणाला कुठली खोली दिलीय, सगळं त्याच्यात आहे. वहीत लिहायचं मीच बंद केलं, तुमच्याच सांगण्यावरून.”

हे ऐकून मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता. पुतण्या मागे गप्प उभा होता. त्याच्यावर सगळ्यांचं ओरडून झालेलं होतं.

त्या रात्री आम्ही फोनवर जे जे तपासलं, ते आज क्रमाने सांगतो. तुमचं दुकान श्रीवर्धनला असो, माणगावला असो की पुण्यात, क्रम हाच राहील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

काल संध्याकाळपर्यंत चालणारं मशीन साफ केल्यावर सुरू होत नसेल, तर माझ्या अनुभवात कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं.

पहिलं कारण, साफ करताना जे हलवलं ते परत नीट बसलेलं नाही.

दुसरं कारण, एखादी गोष्ट आधीपासूनच कमजोर होती आणि वीज पूर्ण तोडल्यावर ती उघडी पडली.

खरोखर काहीतरी जळलं, ही तिसरी शक्यता. ती आहे, पण तिचा नंबर शेवटचा. आपण घाबरून नेमकी तिथूनच सुरुवात करतो आणि खिसा रिकामा होतो.

डेटा कुठे आहे?

काकांना मी सगळ्यात आधी हेच सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो. तुमची बुकिंगं, टॅली, एक्सेलच्या फायली मदरबोर्डमध्ये नसतात. त्या हार्ड डिस्कमध्ये किंवा एसएसडीमध्ये असतात. बोर्ड खरंच गेला असला तरी डिस्क काढून, काही शे रुपयांत मिळणाऱ्या साटा टू यूएसबी केबलने दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते आणि फायली कॉपी करता येतात. साफ करताना डिस्क पडली-आपटली नसेल, तर डेटा जागेवर असण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून डेटाची कॉपी निघेपर्यंत कोणी कितीही घाईने म्हणालं की “फॉरमॅट मारून बघू”, तरी ठामपणे नाही म्हणा. स्क्रीन काळी असण्याचा आणि विंडोज परत टाकण्याचा काही संबंध नाही.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर मात्र ती परत परत चालू करून बघू नका. डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

हात लावण्याआधी

- प्लग भिंतीतून काढा. यूपीएसला जोडलेला असेल तर यूपीएसमधूनही काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही.
- प्लग काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल.
- आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा बोटं लावा.
- एसएमपीएसचा डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक चार्ज राहू शकतो.
- ओल्या कापडाने किंवा पाण्याने काही पुसलं असेल, तर आज थांबा. झाकण उघडं ठेवून पंख्याखाली पूर्ण दिवस वाळू द्या आणि उद्या बघा.

आता मशीन नेमकं काय करतंय ते बघायचं. “चालू होत नाही” हे पुरेसं नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं “बरं नाही” म्हटल्यासारखं होतं ते. खालच्या पाचपैकी आपली अवस्था कोणती, ते ठरवा.

अवस्था १: काहीच हालचाल नाही. पंखा नाही, लाइट नाही

बाहेरून आत या. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून वीज येतेय का बघा. मग यूपीएस मधून काढून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी गेलेली असेल तर दोष त्याचा आणि शिव्या कॉम्प्युटरला, असं होतं.

एसएमपीएसच्या मागे एक छोटा काळा स्विच असतो, एका बाजूला गोल आणि एका बाजूला रेघ. साफ करताना तो गोलाकडे दाबला जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. रेघ म्हणजे चालू.

त्यानंतर आत बघा. २४ पिनचा रुंद कनेक्टर मदरबोर्डवर पूर्ण बसलाय का? त्याची कडी अडकल्याचा आवाज यायला हवा. मग समोरच्या पॉवर बटणापासून आलेली दोन बारीक वायरींची जोडी शोधा. तिच्यावर इंग्रजीत ‘पॉवर एसडब्ल्यू’ असं लिहिलेलं असतं. ती निघाली किंवा एक पिन पुढे-मागे बसली, तर बटण कितीही दाबा, बोर्डाला काही कळतच नाही. कुठल्या दोन पिनांवर बसवायची ते बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, किंवा बोर्डाचा मॉडेल नंबर टाकून मॅन्युअलमध्ये मिळतं.

एवढं करूनही हालचाल नसेल, तर दुसरा चालू एसएमपीएस लावून बघायचा. हे काम दुकानात दहा मिनिटांत होतं. मल्टीमीटर असेल तर मशीन चालू असताना पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट आणि लाल वायरवर ५ व्होल्ट यायला हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतं.

अवस्था २: पंखा फिरतो, स्क्रीन काळी

काकांची अवस्था हीच होती, आणि साफसफाईनंतर सगळ्यात जास्त फोन याच्याबद्दल येतात. क्रमाने जा.

पहिलं, मॉनिटरची केबल. मॉनिटर चालू आहे ना, केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे ना? वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला लावायची, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. साफ करून झाल्यावर मागची सगळी केबलं परत लावताना ही चूक हमखास होते.

दुसरं, रॅम. प्लग काढून रॅम बाहेर काढा. तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि खोडरबराचा चुरा ब्रशने झाडा. चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. रॅम बसवताना खाच जुळवा आणि अंगठ्याने सरळ दाबा. बाजूची कडी आपोआप बंद झाली की बसली समजा. दोन रॅम असतील तर एकच लावून बघा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी.

तिसरं, प्रोसेसरचा वेगळा पॉवर कनेक्टर. २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरशिवाय प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनचा एक चौकोनी कनेक्टर असतो. कूलरच्या मागे कोपऱ्यात तो लपलेला असतो. तो नसेल तर बऱ्याच मशीनमध्ये पंखे फिरतात, लाइट लागतात, पण प्रोसेसरला वीज नसल्यामुळे पुढे काही होत नाही. बघणाऱ्याला वाटतं, सगळं चालू आहे आणि बोर्ड मेलाय.

मी काकांना म्हटलं, “पुतण्याला फोन द्या, आणि कूलरच्या आजूबाजूचा फोटो पाठवायला सांगा.” पहिला फोटो हलला होता. दुसऱ्यात दिसलं: कूलरच्या वर चार भोकांचं रिकामं सॉकेट, आणि त्याच्या शेजारी दोन पिवळ्या, दोन काळ्या वायरींचा कनेक्टर धूळ काढलेल्या स्वच्छ कॅबिनेटमध्ये तसाच लोंबकळतोय. पुतण्याने कूलरमागची धूळ काढायला तो काढला आणि लावायचा राहिला. तो लावला, बटण दाबलं, स्क्रीन आली. फोनवर काकूंचा आवाज ऐकू आला, “आलं, आलं!”

पण गोष्ट इथे संपली नाही. पुढचं अवस्था ४ मध्ये सांगतो.

चौथं, बीपचे आवाज. बोर्डावर छोटा स्पीकर असेल तर मशीन स्वतःच काहीतरी सांगत असतं. परत परत येणारे लांब बीप बऱ्याच बोर्डांत रॅमकडे बोट दाखवतात. एक लांब आणि दोन छोटे आले तर ग्राफिक कार्ड बघा. कंपनीप्रमाणे अर्थ बदलतो, म्हणून मॅन्युअलमध्ये खात्री करा. नव्या बोर्डांत बऱ्याचदा बीपऐवजी चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. जो दिवा लागून राहतो, तिथे अडलंय.

अवस्था ३: चालू होतो, एका क्षणात बंद, परत चालू

इथे कुठेतरी शॉर्ट आहे का ते आधी बघा. साफ करताना एखादा स्क्रू हरवला होता का? तो बोर्डाच्या मागे जाऊन बसलेला असू शकतो. कॅबिनेट हलक्या हाताने तिरकं करून ऐका, खळखळतंय का. बोर्डच बाहेर काढला असेल तर त्याच्या खालच्या पितळी खुंट्या जागेवर आहेत का बघा. एखादी खुंटी भलत्या जागी राहिली तर ती बोर्डाच्या पाठीला टेकते.

स्क्रू सापडला नाही तर कमीत कमी सामानावर या. ग्राफिक कार्ड, डिस्क, सीडी ड्राइव्ह, पुढच्या यूएसबीच्या वायरी, सगळं सोडवा. फक्त बोर्ड, प्रोसेसर, त्याचा कूलर आणि एक रॅम ठेवा. तेवढ्यावर चालू राहिलं, तर एकेक वस्तू परत जोडत जा, आणि प्रत्येक वेळी आधी प्लग काढा. ज्या वस्तूने परत बंद पडतं, ती दोषी. एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

अवस्था ४: स्क्रीन येते, पण विंडोज येत नाही

‘बूट डिव्हाइस नाही’ असा काळ्या स्क्रीनवर मेसेज आला तर घाबरू नका. पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर काढा. मग डिस्कच्या दोन्ही केबल तपासा, चपटी डेटाची आणि रुंद पॉवरची. साटाची डेटा केबल नुसत्या हाताच्या धक्क्याने ढिली होते.

काकांच्या केबल घट्ट होत्या. तरी विंडोजचं चिन्ह येऊन निळी स्क्रीन यायची आणि मशीन परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. पुतण्या रडकुंडीला आला होता. “सर, मी डिस्कला हातसुद्धा लावला नव्हता.”

तो खरं बोलत होता. मी त्याला बायोसमध्ये जाऊन तारीख वाचायला सांगितली. तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती.

बोर्डावर एक रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. प्लग काढलेला असतानाही घड्याळ आणि बायोसची सेटिंग लक्षात ठेवणं हे त्याचं काम. प्लग लावलेला असेल तेव्हा मात्र मशीन बंद असलं तरी एसएमपीएस बोर्डाला थोडी वीज देत राहतो. त्यामुळे सेल संपला तरी महिनोन् महिने पत्ता लागत नाही. पुतण्याने साफ करायला प्लग काढून मशीन दिवसभर उघडं ठेवलं, आणि आधीच मेलेला सेल त्या दिवशी उघडकीला आला. सेटिंग गेली, बोर्ड मूळ सेटिंगवर गेला. डिस्क वाचायची पद्धत एएचसीआय होती ती आयडीई झाली, आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखता येईना. परत एएचसीआय केलं, सेव्ह केलं, विंडोज आलं. दिवाळीची एक्सेल फाइल जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणून बसवला. त्या पंधरा हजारांच्या दुरुस्तीचा एकूण खर्च झाला पन्नास रुपये.

तुमच्याकडे असं झालं तर तीन गोष्टी बघा: बायोसमधली तारीख, बूट होण्याचा क्रम आणि साटाचा मोड. तारीख चुकीची राहिली तर विंडोज येऊनही जीएसटीचं पोर्टल किंवा बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडायला नकार देते. ऐन २० तारखेला जीएसटीआर ३ बी भरताना हे झालं तर लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा.

आणखी एक. काही नव्या मशीनमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोसची सेटिंग बदलली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच लॉगिन करून बघून ठेवा, अडचण आल्यावर नको.

अवस्था ५: विंडोज येतं, पाच-दहा मिनिटांत बंद पडतं

कूलर काढला होता का? मग जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी लावायला हवी, हरभऱ्याच्या डाळीएवढी पुरते. इंटेलच्या बऱ्याच कूलरना चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी नीट बसली नाही तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि प्रोसेसर तापतो. चारही खुंट्या हलवून बघा. कूलरच्या पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच आहे ना, तेही बघा.

समुद्रकाठच्या लोकांसाठी वेगळं

हरिहरेश्वर म्हणजे सावित्री नदी समुद्राला मिळते ते ठिकाण. तिथे वाऱ्यात कायम मीठ असतं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, आणि मिठाची ओल वीज वाहून नेते. म्हणून किनाऱ्यावर नुसती धूळ झाडून भागत नाही. कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती गंज आहे. ती ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने साफ करायची, आणि पूर्ण उडून गेल्यावरच प्लग लावायचा.

अर्थिंगचंही तेच. जमिनीतली पट्टी खाऱ्या ओलीत गंजते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कॉम्प्युटर बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.

आणि वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन भागात अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. एवढा काळ वीज नसली की कमजोर सेल नेमका तेव्हाच उघडा पडतो. साफसफाई न करताही अवस्था ४ येऊ शकते, ती अशी.

दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणाला तर

भांडू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा.

१. एकेक रॅम वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली का?
२. दुसरा एसएमपीएस लावून पाहिला का?
३. माझी डिस्क दुसऱ्या मशीनवर दिसते का?

तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, जळका वास असेल, किंवा बोर्डावरचे उभे कॅपॅसिटर फुगलेले असतील, तर तो खरं सांगतोय. तेव्हा खर्च करा. पण जुनी डिस्क परत मागून घ्या, ती तुमची आहे.

पुढच्या वेळी उघडण्याआधी

हरिहरेश्वरला देवळामागची खडकातली प्रदक्षिणा करायची तर गावातले लोक आधी भरती-ओहोटी विचारायला सांगतात. वाट तीच, पण वेळ बघून उतरायचं. कॅबिनेट उघडण्याआधीही पाच मिनिटं अशीच द्या:

- महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर आणि ऑनलाइन, दोन्हीकडे कॉपी.
- आतले चार-पाच फोटो, प्रत्येक कनेक्टर दिसेल असे.
- बायोसमधल्या बूटच्या आणि साटाच्या पानाचा एक-एक फोटो.
- तीन-चार वर्षं झाली असतील तर नवा सेल आणून ठेवा.
- काढलेले स्क्रू वाटीत. जेवढे काढले तेवढे परत लागले का, मोजा.
- झाकण लावण्याआधी एकदा चालू करून बघा.

खरं सांगायचं तर यातले फोटो आणि सेल माझ्या पहिल्या व्हिडिओत राहिले होते. ती चूक माझी, पुतण्याची नाही. काकांना मी तसं सांगितलंही. कारण साफ करणाऱ्यालाच बोलणी बसली, तर पुढच्या वर्षी त्या घरात कॅबिनेटला कोणी हात लावणार नाही, आणि मग मिठाने बोर्ड खरंच जाईल.

परवा काकांचा मेसेज आला. बुकिंगं आता दोन ठिकाणी ठेवतात: कॉम्प्युटरवर, आणि रोज रात्री पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह पुतण्याच्या ताब्यात आहे.

पाचही अवस्था व्हिडिओत करून दाखवल्या आहेत. तुमचं मशीन अडलं तर नेमकी कोणती अवस्था आहे ते लिहा आणि कूलरच्या बाजूचा फोटो जोडा. अर्धं उत्तर बहुतेक वेळा फोटोतच असतं.